एकोणीसशे मीटर पाणी

ट्रायथलॉनचं मधलं अंतर ११३ किलोमीटरचं असतं. त्यात ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं आणि १.९ किलोमीटर पोहणं. पाण्याचा वाटा मोजला तर दोन टक्केही भरत नाही. तरी या स्पर्धेचं नाव काढलं की आपल्याकडचा पळणारा माणूस थबकतो तो याच दोन टक्क्यांपाशी. यवतेश्वरचा घाट चढून सातारा हिल हाफ मॅरेथॉन पुरी केलेले, मध्यरात्रीनंतर पुणं सोडून सकाळच्या चहाला सायकलवर महाबळेश्वर गाठणारे, मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनला वर्षानुवर्षं उभे राहणारे कितीतरी लोक मला भेटतात. त्यांच्या पायांत बळ आहे, चिकाटी आहे, चांगली सायकल उद्याच्या उद्या घ्यायची तयारी आहे. पण समुद्रात एकोणीसशे मीटर म्हटलं की बोलणं दुसऱ्या विषयाकडे वळतं. या स्पर्धेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच पाणी. आणि आपल्या गावाशहरांनी माणसापासून सगळ्यात दूर नेलं तेही हेच पाणी.

२० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३ गोवा’ ही याच अंतराची स्पर्धा पहिल्यांदा झाली. ७०.३ हा आकडा मैलांचा आहे : १.२ मैल पोहणं, ५६ मैल सायकल, १३.१ मैल धावणं. त्याआधी आयर्नमॅनच्या नावाची शर्यत करायची तर भारतीय माणसाला परदेशी जावं लागे. सायकल खोलून खोक्यात भरायची, विमानात चढवायची, थंड देशात जाऊन पुन्हा जोडायची. मिलिंद सोमणने २०१५ साली झुरिकला पूर्ण अंतराची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत केली, तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. मराठी घरांत हा शब्द पोचला तो बहुतेक त्याच बातमीने. महाराष्ट्र पोलीस दलातले अधिकारी कृष्ण प्रकाश २०१७ मध्ये फ्रान्समध्ये ती स्पर्धा पुरी करून आले. पुण्याचे कौस्तुभ राडकर मुळात जलतरणपटू. त्यांनी स्वतः अनेक पूर्ण आयर्नमॅन केल्या आणि नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसांना या खेळासाठी घडवण्याचं काम हाती घेतलं. ही सगळी पायवाट आधी पडलेली होती म्हणून मिरामारच्या वाळूवर पहिल्याच वर्षी गर्दी झाली. पहिला आला तो मणिपूरचा, भारतीय सैन्यातला बिश्वोर्जित सैखोम, ४ तास ४२ मिनिटांत. पुढची दोन वर्षं कोविडने खाल्ली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पर्धा परत आली.

मधल्या अंतराला लोक ‘हाफ’ म्हणतात, आणि त्या शब्दामुळे ते अर्ध्या ताकदीचं वाटतं. तसं नाही. पूर्ण अंतरात माणूस ठरावीक संथ गतीने दिवसभर चालत राहतो. इथे पाच ते आठ तास असतात आणि त्या वेळात शरीराला आरामात सोसेल त्याच्या बरंच वरच्या पट्टीत राहावं लागतं. वेळेच्या मर्यादाही कडक असतात. पोहायला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, आणि अंतिम रेषेपर्यंत साडेआठ. नोकरी करणारा, चाळिशीतला, पोहणं नुकतंच शिकलेला माणूस या आकड्यांकडे कसा बघतो ते हिशेब करून पाहा. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. तरबेज पोहणाऱ्याला हा वेळ हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. नवशिक्याला तलावाच्या शांत पाण्यातसुद्धा तो टिकवताना धाप लागते. समजा तो तासाभरात बाहेर आला आणि कपडे, हेल्मेट, बूट यात आठ मिनिटं गेली. मग ९० किलोमीटरसाठी ४ तास २२ मिनिटं उरतात, म्हणजे ताशी साडेवीस किलोमीटरच्या वर. तिथेही तो अगदी काठावर पोचला, तर धावायला तीन तास. पाण्यात घालवलेलं प्रत्येक मिनिट पुढच्या प्रत्येक हिशेबात परत येतं. बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या २०२४ मध्ये गोव्याची स्पर्धा ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत पुरी करून आले. साडेआठची मर्यादा आणि त्यांचा वेळ यांत अडीच मिनिटांचंही अंतर नव्हतं. अशा माणसांची त्या दिवशीची धडपड मला पहिल्या आलेल्या खेळाडूच्या शर्यतीइतकीच पाहण्यासारखी वाटते.

आपल्याकडे पोहणं कधीच परकं नव्हतं. विहिरीच्या थारोळ्यावर पोराला उभं करून पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर झाकण घट्ट लावलेला डबा बांधायचा, कंबरेच्या दोराचं टोक मामाच्या नाहीतर काकाच्या हातात, आणि द्यायचं ढकलून. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्याभरात डबा सुटायचा. त्यानंतर मोटेच्या धावेवरून सूर मारायचे, मुटके मारायचे, तळातली माती मूठभर वर आणून दाखवायची. ज्या पिढीने असं शिकून घेतलं तिला पाण्याची भीती नव्हती. तिचं पोहणं देखणं नव्हतं, डोकं वर काढून, हात आपटत होतं; पण पाणी आपल्याला उचलून धरतं हा भरवसा अंगात मुरलेला होता. तो भरवसा तिशी-पस्तिशीत विकत घ्यायला गेलं तर फार महाग पडतो.

त्या विहिरी बुजल्या, काहींवर जाळ्या आल्या, काहींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नद्यांचं काय झालं ते सांगायला नको. पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारणाऱ्या कोल्हापूरने वीरधवल खाडे दिला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो उतरला आणि २०१० च्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक घेऊन आला. भारताला या स्पर्धेत पोहण्याचं पदक चोवीस वर्षांनी मिळत होतं. आज त्याच पंचगंगेच्या प्रदूषणावर आंदोलनं होतात, न्यायालयात याचिका चालतात. मुळा-मुठेत पुण्याचा कुणी आईबाप आपल्या लेकराला उतरवणार नाही. समुद्राच्या बाजूला अजून बरी स्थिती आहे. संकरॉक ते गेटवे ही मुंबईची पाच किलोमीटरची शर्यत, धरमतर ते गेटवेचं लांब अंतर, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात भरणारी राज्य पातळीवरची सागरी जलतरण स्पर्धा, या ठिकाणी पोरं आणि साठी ओलांडलेली माणसं एकाच सकाळी पाण्यात उतरताना दिसतात. पण ती मंडळी बहुतेक लहानपणापासून पाण्यात असलेली. धावण्यातून किंवा सायकलवरून ट्रायथलॉनकडे येणारा माणूस तिथे नसतो.

तो असतो तलावाच्या उथळ बाजूला, दांडीला धरून. त्याच्या वयाचे इतर लोक पोटाचा घेर कमी करायला आलेले, आणि हा दहा किलोमीटर पळून आलेला. तरी पंचवीस मीटर पोहल्यावर त्याला मोठ्यांदा श्वास घ्यावा लागतो. फुप्फुसं तीच, हृदय तेच. मग होतं काय? धावणाऱ्याच्या मांड्या जड असतात आणि घोटे ताठर. पाण्यात ते पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि सगळी शक्ती पाणी ढकलण्यात संपते. त्यातून तो श्वास धरून ठेवतो. जमिनीवर श्वास सोडायला शिकावं लागत नाही. पाण्यात तेवढंच आधी शिकावं लागतं. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवली की फक्त घ्यायचं काम उरतं. चांगला शिक्षक पहिल्या महिन्यात हातपाय मारायला लावतच नाही. तरंगायला लावतो, बाजूवर कलून सरकायला लावतो, बुडबुडे सोडायला लावतो. चाळिशीच्या माणसाला यात कमीपणा वाटतो. ज्यांनी तो गिळला त्यांची प्रगती मी काठावरून पाहिली आहे. पावसाळा संपता संपता ती माणसं न थांबता हजार मीटर पोहू लागतात आणि नंतरचे नऊशे जोडायला फार दिवस लागत नाहीत.

पण तलाव आणि समुद्र यांच्यात आणखी एक उडी असते. तलावात तळाला काळी रेघ असते, पंचवीस मीटरला भिंत असते, थकलं की उभं राहता येतं. मिरामारला हे तिन्ही नाही. मांडवी तिथे समुद्राला मिळते, पाणी गढूळ असतं, स्वतःचा कोपर दिसला तरी पुष्कळ. दर आठ-दहा हातांनंतर डोळे मगरीसारखे पाण्याच्या वर काढून पुढचा खुणेचा फुगा शोधायचा असतो, नाहीतर एकोणीसशेचे बावीसशे मीटर होतात. भरती-ओहोटी वेगळीच ओढ लावते. आजूबाजूला इतर स्पर्धकांचे हात-पाय लागतात, गॉगल निसटतो, खारं पाणी घशात जातं. युरोपातल्या थंड पाण्यात निओप्रीनचा पोशाख घालायची परवानगी असते. तो ऊब देतो आणि पाय वर उचलून धरतो; कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा फार आधार होतो. पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की आयर्नमॅनच्या नियमाने हौशी गटातल्या कुणाला त्या पोशाखात क्रमांक मिळत नाही. गोव्याचा समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तो आधार इथे नाहीच. परदेशातली स्पर्धा निभावून आलेला माणूस मिरामारला अडखळतो त्याचं हे एक कारण.

भीतीला आधार आहे हेही स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ ते २०१६ या काळातल्या १३५ घटना त्यात तपासल्या आहेत. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या. बळी पडलेल्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने होते आणि त्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या जवळ होतं. लाखो स्पर्धकांच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण त्याचा अर्थ आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांनी नीट लावून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. नाव नोंदवण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यायची, आणि पाण्यात छातीत घुसमटलं तर पाठीवर वळायचं, हात वर करायचा, जवळच्या कयाकला धरायचं. कयाक धरली म्हणून कुणी बाद होत नाही. तिच्या मदतीने पुढे सरकलं तरच नियम मोडतो. हे माहीत नसल्यामुळे लोक हट्टाने पोहत राहतात.

आयर्नमॅनचा जन्मही पोहणारा तगडा की पळणारा, या वादातूनच झाला. आधुनिक ट्रायथलॉनची पहिली मानली जाणारी शर्यत १९७४ मध्ये सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये झाली. तिथे भाग घेतलेले अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स पुढे हवाईत आले. तिथल्या एका बक्षीस समारंभात पोहणारे आणि पळणारे यांच्यात कोण अधिक तंदुरुस्त यावर जुंपली, आणि कॉलिन्स यांनी बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याचं नाव मध्ये टाकलं. मग ओआहू बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवसात जोडायची कल्पना निघाली. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण सुरुवातीला उभे राहिले, बारा जणांनी ती पुरी केली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी धावतानाच संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. पुढे मधलं अंतर आलं, २००० मध्ये सिडनीत ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये शिरलं आणि २००६ मध्ये ७०.३ ची पहिली जागतिक स्पर्धा फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला भरली. पण डनबारचं पाणी संपल्याची गोष्ट मला त्या सगळ्या इतिहासात महत्त्वाची वाटते. समुद्रातून बाहेर आल्यावर पाण्याचा प्रश्न संपत नाही. तो शरीराच्या आत सुरू होतो.

वाळूवरून पळत ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली ठेवलेल्या जागेत यायचं, आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा. हा क्रम चुकला तर शिक्षा आहे. मग पणजीच्या बाहेर, बांबोळीच्या चढाकडे. सायकलवरचे पहिले वीस किलोमीटर फसवे असतात. पाणी मागे टाकल्याचा आनंद असतो, पाय ताजे असतात, सोबत गर्दी असते. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग थोडा वाढवायचा तर ताकद त्या मानाने बरीच जास्त लागते. म्हणून पुढच्याच्या आडोशाला राहण्याचा मोह होतो. या स्पर्धेत ते चालत नाही. पुढच्या सायकलपासून बारा मीटरचं अंतर ठेवायचं, ओलांडायचं असेल तर पंचवीस सेकंदांत ओलांडायचं, नाहीतर पाच मिनिटं शिक्षेच्या तंबूत उभं राहायचं. वारा ज्याचा त्याने सोसायचा. मला हा नियम फार आवडतो. गटात चिकटून जाणाऱ्या हौशी सायकलपटूला आपली खरी गती इथे कळते.

आणि इथेच आवरायचं असतं. ज्याला ताशी बत्तीसने जाता येतं त्याने गोव्यात तिसाच्या आत राहायचं, हृदयाचे ठोके ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, चढावर कुणी मागून पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. सायकलवर वाचवलेली दहा मिनिटं धावताना पाऊण तास घालवून परत द्यावी लागतात. शरीराच्या स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची असते. एवढ्या लांबच्या शर्यतीला ती पुरत नाही. मग दर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं आत जायला हवीत, तीही पोट न बिघडता. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या मार्गांनी शोषले जातात, म्हणून दोन्हींचं मिश्रण जास्त पचतं. सरावात राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळं हे सगळं उत्तम. शर्यतीच्या दिवशी चावायचं कमी आणि गिळायचं जास्त ठेवावं, आणि जे सरावात खाल्लं नाही ते त्या दिवशी तोंडात घालू नये. पोट हाही शिकवावा लागणारा अवयव आहे. महिन्या-दोन महिन्यांच्या सवयीने ते अधिक साखर घेऊ लागतं.

पुण्या-नाशकाच्या लोकांची गोव्यात फजिती होते ती आणखी एका गोष्टीमुळे. घाटावरची पहाट कोरडी असते, घाम येतो आणि उडून जातो, अंग थंड राहतं. किनाऱ्यावर हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीराला थंड करत नाही. सकाळी दहा-साडेदहाला मिरामार ते दोना पावलाच्या रस्त्यावर पळायला आलं की ऊन डोक्यावर असतं, समुद्राचं चकाकणं डोळ्यांत जातं आणि पायांना अजून पेडल मारायची सवय असते. पहिले दोन किलोमीटर आपल्याच मांड्या आपल्या वाटत नाहीत. तासाला लिटरभर, कुणाकुणाला दीड लिटरही घाम जातो, त्याच्याबरोबर मीठ जातं. आपल्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघा कुठवर येतात ते सरावात पाहिलं तर आपण किती मीठ सोडतो याचा अंदाज येतो. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं गरगरतं, मळमळतं, आणि लोकांना वाटतं अजून पाणी कमी पडलं म्हणून ते आणखी पितात. वैद्यकीय तंबूत हे चित्र डॉक्टरांना ओळखीचं आहे. घाटावरच्या माणसाने दहा ते चौदा दिवस आधी उकाड्याची सवय सुरू करायला हवी. दुपारी थोडं पळावं, किंवा बंद खोलीत पंखा न लावता सायकल चालवावी. एवढ्या दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. शरीर शिकतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

धावताना पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालायला हरकत नाही, उलट चालावंच. बर्फ टोपीत, ओला स्पंज मानेवर, दोन घोट मिठाचं पाणी, मग पुन्हा पळायचं. असं ठरवून तीस सेकंद चालणारे शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पळताना दिसतात. न थांबण्याची शपथ घेतलेले तेव्हा चालत असतात. पिंढरीत गोळा येतो, बोटं वळतात. स्पंज आणि बर्फ देणारी गोव्यातली कॉलेजची मुलं-मुली पहाटेपासून उभी असतात. रविवारची सकाळ म्हणजे गोव्यात चर्चमधल्या मासची वेळ. त्याच वेळी रस्ते बंद होतात, आणि पणजीकर ते सोसतात. पाहुण्या स्पर्धकांनी याची जाणीव ठेवावी.

सगळ्यात जास्त खटकतं ते सुरुवातीच्या रेषेवर. पुरुषांच्या रांगेत बायकांच्या टोप्या शोधाव्या लागतात. नाशिकची सैयामी खेर २०२४ मध्ये जर्मनीत आणि २०२५ मध्ये स्वीडनच्या यॉनशॉपिंगला ७०.३ पुरी करून आली. ‘घूमर’ चित्रपटात खेळाडूची भूमिका केलेल्या अभिनेत्रीने हे केल्यावर अनेक मुलींनी विचारणा सुरू केली, हे चांगलंच. पण विचारणा तलावाच्या वेळापत्रकापाशी अडते. आमच्याकडच्या एका सार्वजनिक तलावात बायकांची वेळ दुपारची, पाऊण तासाची. शाळेत शिकवणारी, बँकेत जाणारी बाई तेव्हा येणार कशी? पहाटेच्या वेळेत यायला मनाई नाही, पण तिथे कपडे बदलायची धड जागा नाही आणि पोहताना काठावरून बघत बसणाऱ्या नजरा आहेत. त्यातून पाण्याचं कारण नाहीतर दुरुस्तीचं कारण सांगून तलाव महिनोन्महिने बंद राहतो. सायकलचीही तीच गत. हायवेवर पहाटे साडेचारला एकटी बाई चार तास सायकल चालवू शकेल असे रस्ते आपण किती मोजून दाखवू शकतो? नवरा पहाटे बाहेर पडतो तेव्हा डबे, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं घरातली बाई सांभाळते. ती बाहेर पडायची झाली तर ते कोण सांभाळणार, हा प्रश्न फार कमी घरांत मोकळेपणाने बोलला जातो. जिथे बोलला गेला तिथल्या बाया फार चांगल्या तयारीने रेषेवर येतात.

पैशाचंही असंच. बरी रोडबाईक साठ-सत्तर हजारांपासून पुढे, वर मर्यादा नाही. प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम, बूट, एनर्जी जेल. सैन्यातल्या, पोलिसांतल्या मुलांना संस्थेचं पाठबळ असतं, कंपनीतल्या अधिकाऱ्याला पगाराचं. त्या दोघांच्या मधला, तालुक्याच्या गावचा, रोज कामाला सायकलने जाणारा आणि गावच्या तळ्यात पोहणारा मुलगा रेषेपर्यंत पोचत नाही. खरं तर तिन्ही गोष्टी त्याच्या अंगात आधीच असतात. कोल्हापूरने स्थानिक ट्रायथलॉन भरवायला सुरुवात केली, राजाराम तलावात पोहून शर्यती होऊ लागल्या, तेव्हा कमी खर्चात, जुन्या सायकलवर उतरणारी मुलं दिसू लागली. असे छोटे प्रयत्न प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवेत. त्यासाठी लागेल ते एक साफ तळं, चार जीवरक्षक आणि पहाटे पाचला उघडणारं दार.

पुढच्या नोव्हेंबरात मिरामारला उतरायचं ज्याच्या किंवा जिच्या मनात आहे त्यांनी एप्रिलमध्ये पाण्यात जावं. पहिला महिना फक्त तरंगणं आणि श्वास. मे अखेर न थांबता दोनशे मीटर. पावसाळ्यात समुद्र बंदच असतो, तेव्हा तलावात आठवड्याला तीनदा, आणि पाऊस उघडेल तशी सायकल. सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळण्याची सवय ऑगस्टपासून. नारळी पौर्णिमा झाली, खवळ शांत झाला, की मालवणला किंवा अलिबागला, पाण्याची माहिती असलेल्या माणसाला सोबत घेऊन, किनाऱ्याला समांतर पोहायला सुरुवात करावी. एकट्याने कधीही नाही. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. सायकल जूनमध्ये घेतली तरी चालते.